डाव्या पानावरच्या नोंदी

आईची मी एक दिवसही हेळसांड केली नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्याजवळ त्याची वही आहे. चौतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली, त्यामुळे लिहून ठेवल्याशिवाय माझा माझ्यावरही विश्वास बसत नाही. डाव्या पानावर आई: वजन, खाणं, पाणी, झोप. उजव्या पानावर काडीकिडे: लांबी, खाणं, कात टाकल्याची तारीख. वही एकच, कारण दोघांचं करायची वेळही एकच, सकाळी साडेसातची.

ताईला नेमकं हेच खटकलं. माझी ही मोठी बहीण दर रविवारी येते, खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता घरभर फिरते आणि काय काय चुकलं ते सांगते.

"आईला आणि किड्यांना एकाच वहीत? तुला काही वाटतं का गं?"

मला वाटत होतं ते असं, की सहा दिवस चादरी बदलणारीला सातव्या दिवशी येणारीनं शिकवू नये. मी चहा टाकला.

किडे मला परसातल्या गुलाबावर सापडले होते. बोटभर लांब, सुकलेल्या काडीसारखे, एकूण नऊ. जाळीचा पिंजरा आईच्या खोलीत खिडकीशी ठेवला, कारण कोवळं ऊन तिथेच येतं. अंथरुणाला खिळलेल्या आईला तेवढीच करमणूक. "बघ कसे बसलेत," ती म्हणायची, "कुणाच्या अध्यात ना मध्यात." आणि खरंच, दिवसभर हा प्राणी हलत नाही. जवळ जाऊन श्वास सोडला तरच वाऱ्यावरच्या काडीसारखा डावीउजवीकडे झुलतो. पाणी पानावरच्या थेंबांतून पितो. पाय तुटला तर पुढच्या कातीबरोबर नवा येतो, आधी आखूड, फिकट. नर नसला तरी मादीला पिल्लं होतात. टाकलेली कात तो स्वतःच खाऊन टाकतो, मागे काही ठेवत नाही.

पहिली चूक माझीच. एका सोमवारी वही उलटी धरली गेली की काय, कोण जाणे, पण आठवडाभर मी आईच्या नोंदी उजव्या पानावर आणि किड्यांच्या डाव्या पानावर केल्या. शाळेत असं एखाद्या मुलीनं केलं असतं तर मी तिला अख्खी वही पुन्हा लिहायला लावली असती. पुढच्या सोमवारी दुरुस्त करायला बसले. एका पानावर होतं: दिवसभर स्थिर, पाणी थेंबाथेंबाने, खाणं फक्त कडेकडेने. दुसऱ्या पानावरही तेच, त्याच क्रमानं. अक्षर माझंच होतं, पण कुठलं पान कुणाचं हे मलाच सांगता येईना. मी वही मिटली आणि स्वतःवरच चिडले.

त्यानंतर मी जास्त लक्ष ठेवू लागले. आई बोलायची कमी झाली होती. तोंडाशी पेला धरला तर ओठ मिटून घ्यायची, पण हातावर सांडलेला थेंब हळूच टिपायची. पिंजऱ्यासाठी तोडून आणलेली गुलाबाची पानं मी तिच्या उशाजवळच्या स्टुलावर ठेवत असे. एका दुपारी त्यांच्या कडा अर्धवर्तुळात कुरतडलेल्या दिसल्या. मी पिंजरा तपासला. दार बंद होतं, किडे नऊच्या नऊ आत होते.

डॉक्टर आले तेव्हा ताईही हजर होती. छातीचे ठोके ऐकायला डॉक्टर वाकले आणि त्यांचा श्वास आईच्या मानेला लागला. आई झुलली. डावीकडे, उजवीकडे, अगदी सावकाश.

"चक्कर येते का यांना?" डॉक्टरांनी विचारलं. ते दोन पावलं मागे सरले होते.

"पोटात अन्न नसलं की येणारच," ताई म्हणाली. "वाळून काडी झाली माझी आई. हिचं सगळं लक्ष त्या पिंजऱ्यात."

माझी आई म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वही डॉक्टरांपुढे धरली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. वय झालं आहे, जपा, असं पुटपुटत ते जिना उतरले. ताईनं त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की येत्या रविवारी ती आईला आपल्याकडे नेणार.

मला आई जायला नको होती. घरात आम्ही दोघीच, आणि तिच्यावाचून मी इथे काय करणार होते?

शुक्रवारी सकाळी तिचं अंग पुसताना पाठीवरची कातडी हाताबरोबर सुटून आली. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, एकसंध, खांद्यापासून कमरेपर्यंत. रक्त नव्हतं. खालची त्वचा ओलसर आणि नवी होती. मी टॉवेल आणायला गेले, फार तर अर्धा मिनिट. परत आले तेव्हा पापुद्रा कुठेच नव्हता.

आईचं तोंड हलत होतं.

मी तिचा डावा हात हातात घेतला. तिची त्या हाताची करंगळी माझ्या जन्माआधीच पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, कागद कापायच्या यंत्राखाली गेली होती. हजारो पुस्तकं, दोन मुली आणि एक बोट, असा आयुष्याचा हिशेब ती गमतीनं सांगायची.

त्या हाताला पाच बोटं होती. पाचवं आखूड होतं. फिकट.

मी घाबरले. हात खाली ठेवला, आणि तरी नोंद केली. डाव्या पानावर.

रविवारी ताई गाडी घेऊन आली.

"ताई, आधी तिचा हात बघ."

"आता काही दाखवू नकोस. जिवंत आहे तोवर नेते."

"मी तिला उपाशी ठेवलं असं वाटतं तुला?"

"मला काय वाटतं ते सोड. तिच्याकडे बघ."

"तेच तर म्हणतेय मी. तू बघ."

ताईनं बघितलं नाही. तिनं चादरीसकट आईला एकटीनं उचललं. माझ्या बहिणीला पाण्याची बादली उचलवत नाही.

दारातून जाताना ताई रडत होती. तिचे हुंदके आईच्या चेहऱ्यावर पडत होते आणि आई झुलत होती.

बारा दिवस मी फोन केला नाही. अपमान गिळायला वेळ लागतो. तेराव्या दिवशी दुपारी ताईचाच आला. माझ्या बहिणीचा आवाज इतका लहान मी कधीच ऐकला नव्हता.

"तुझ्याकडे ती गुलाबाची पानं खायची का?"

बोलायला खूप होतं. मी एवढंच म्हणाले, "खायची."

"कुठली?"

"जून झालेली. कोवळी नकोत. धुऊन, पुसून दे. थोडं पाणी शिंपड."

"बरं." ती लिहून घेत होती, पेनचा आवाज येत होता. मला समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग दार लोटल्याचा आवाज आला.

"आणि," ताई अगदी हळू म्हणाली, "लहानांना कुठली द्यायची?"