अकरा पूर्वकंप

माणसाचा निश्चय मोजायला खोलीचं तापमान बावीस अंश लागतं, असं यंत्रसामग्रीच्या निविदेत लिहिलं होतं. त्यामुळे सांगली-मिरज रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेत बारा महिने बावीस अंश असत आणि कर्मचारी बारा महिने शाल पांघरून बसत. आज निकालाचा दिवस होता. दोनशे बारा माणसांनी वर्षभर कानामागे रुपयाएवढी चकती बाळगली होती. त्यांतली कोणाची खरी आणि कोणाची कोरी, हे आज उघड होणार होतं.

ते गुपित संख्याशास्त्रज्ञ रेहाना मुजावर हिच्या ताब्यात होतं. यादी पाकिटात, पाकीट लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली डब्याच्या पिशवीत, कारण डबा ती कधी विसरत नसे.

"आधी सगळ्यांचा निकाल बघायचा, की आधी आप्पांचा?" तिने विचारलं.

"सगळ्यांचा," डॉ. त्रिशला हुक्केरे म्हणाली. चकती तिने बनवली होती. आप्पा तिचे वडील होते.

चकतीचं शास्त्रीय नाव निरोधिका. वर्तमानपत्रांनी 'व्रतरक्षक' असं बारसं केलं होतं. प्रयोग सुरू झाला त्या दिवशी रेहाना म्हणाली होती, "मला आकडे कळतात, मेंदू नाही. आमच्या अम्मीला समजेल असं सांग."

"तू पेला उचलतेस," त्रिशलाने सांगितलं होतं. "तुला वाटतं, आधी ठरवलं आणि मग हात हलला. पण तू ठरवलंस असं तुला कळायच्या आधीच मेंदूत हाताची तयारी सुरू झालेली असते. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आधी. त्या तयारीची एक बारीक लाट उठते. तिला आपण पूर्वकंप म्हणतो. कोणता कंप कशाचा, हे चकती पहिल्या तीन आठवड्यांत घालणाऱ्याकडूनच शिकते. मग व्रताविरुद्धचा कंप उठला की उलटी लाट सोडून तो विझवते. हात हलतच नाही."

"आणि माणसाला काय वाटतं?"

"हात उचलला नाही, असं वाटतं."

"आणि कोरी चकती?"

"ती नुसती ऐकते आणि नोंदवते. विझवत नाही. तुलनेला काहीतरी पाहिजे ना."

रेहानाने थोडा विचार केला होता. "आमच्यात सगळं नियतवर, म्हणजे मनातल्या इराद्यावर असतं. रोज्याची नियत माझी, आणि दिवसभर भूक आवरणार तुझी चकती. मग सवाब, पुण्य, कुणाला? तुला?"

"मला पगार मिळतो."

लोकांना हा प्रश्न पडला नाही. नावनोंदणीला रांग लागली. कुणी बटाटा सोडला, कुणी तंबाखू, कुणी एकादशीला चोरून खाल्ली जाणारी भजी. एका गृहस्थांच्या पत्नीने त्यांच्या अर्जात 'खोटं बोलणं' हेही लिहिलं होतं. ते नामंजूर झालं. चकतीची बॅटरी वर्षभर पुरायला हवी होती.

जिनगोंडा हुक्केरे, म्हणजे आप्पा, निवृत्त गणितशिक्षक. आपल्या मुलीच्या प्रयोगात बापाने भाग घेणं नियमात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी समितीला अर्ज केला आणि समितीने दोन ओळींचं पत्र देऊन ते नियमात बसवलं. त्यांचं व्रत होतं रात्रिभोजनत्याग, तेही पुरतं. सूर्यास्तानंतर स्वतः खायचं-प्यायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, द्यायला सांगायचं नाही आणि कुणी दिलं तर बरं झालं म्हणायचं नाही. मनाने नाही, वाणीने नाही, देहाने नाही. व्रत त्यांनी आजन्म घेतलं होतं. चकतीकडे त्यातलं एक वर्ष सोपवलं होतं.

अर्जात 'सवलती' असा रकाना होता: आजारपण, प्रवास, संकट. जवळपास सगळ्यांनी तिन्हींवर खूण केली होती. आप्पांनी उत्तरपत्रिकेतल्या उरलेल्या जागेवर मारतात तशी रकान्यावर तिरकी रेघ मारली.

"आजारपणाची तरी ठेवा, आप्पा," त्रिशला म्हणाली होती. "मुनिमहाराजसुद्धा ठेवायला सांगतात."

"सवलत ठेवली की मन तिकडंच बघत बसतंय. वर्गाचं मागचं दार उघडं ठेवल्यागत."

आतून आई, राजमती, म्हणाली होती, "त्यांना मोक्षात पहिला नंबर पाहिजे गं. मला पास झालं तरी चालतंय." आईने कुठलंही व्रत नोंदवलं नव्हतं. रात्री आठला ती टीव्हीपुढे भडंग खायची, आणि आप्पा अनुमोदन होऊ नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचे. बेचाळीस वर्षांचा संसार असा एकाच्या पाठीकडे बघत मजेत चालला होता.

कार्तिकात आईच्या हृदयाने हात टेकले. तीन आठवडे ती अंथरुणावर होती. शेवटच्या दिवशी देखभालीची बाई साडेपाचला घरी गेली, सूर्य पाच अठ्ठावन्नला मावळला, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी आई म्हणाली, "पाणी द्या की हो." गाळलेल्या पाण्याचा तांब्या उशाशी होता, आप्पांपासून दोन हातांवर.

"हात उचललाच नाही गं," त्रिशला प्रयोगशाळेतून धावत आली तेव्हा आप्पा म्हणाले होते. "शेजाऱ्यांना हाक मारायला गेलो तर जीभपण हलंना. अर्धा तास मागत होती." आई सहा चाळीसला गेली. पाण्याने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य ते सगळ्यांनाच सांगत असतील, पण ते खरं होतं. जाणार ती जाणारच होती. तहानलेली गेली नसती, एवढंच.

आणि मग आप्पा म्हणाले होते, "गेल्यावर मात्र उचलला. बोट भिजवून ओठाला लावलं तिच्या. मेलेल्या माणसाला पाणी दिलं तर व्रत मोडत न्हाई, एवढं त्याला कळलं. हुशार केलंयस यंत्र."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्रिशलाला सोसला असता.

प्रयोगार्थीला अपाय झाला तर पाकीट फोडावं, असं नियमावलीत होतं. आई प्रयोगार्थी नव्हती. त्यामुळे पाकीट दहा महिने कपाटात राहिलं. त्या दहा महिन्यांत त्रिशलाने यंत्राचा आराखडा कितीतरी वेळा तपासला. दरवेळी यंत्र निर्दोष निघालं. ते अगदी ठरल्याप्रमाणे चालत होतं, हेच तिला झोपू देत नव्हतं.

आता भाद्रपद होता. जैनांचं दशलक्षण पर्व संपलं होतं, उद्या क्षमावणी, एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता आणि आप्पा त्यांच्याकडे आलोचनेला, म्हणजे झाल्या पापाची कबुली द्यायला, जाऊन आले होते. महाराजांनी एकच विचारलं, "हात थांबला, की थांबवला? थांबला असेल तर दुसऱ्याच्या कर्माचं प्रायश्चित्त तुम्हाला देता येत नाही. थांबवला असेल तर देता येईल. क्षमावणीला सांगा."

"तेवढं विचारून ये," सकाळी आप्पांनी त्रिशलाला सांगितलं होतं. "माझं असलं तर मला पाहिजे."

चकती खरी निघाली तर दोष तिचा. कोरी निघाली तर आप्पांचा. दहा महिन्यांत तिने दोन्ही उत्तरांसाठी प्रार्थना करून पाहिली होती. ती नास्तिक असल्यामुळे कोणाकडे करायची, एवढीच अडचण आली होती.

रेहानाने पाकीट फोडलं. आकडे पडद्यावर मांडले. "खऱ्या चकतीवाल्यांनी शंभरातून सत्त्याण्णव वेळा व्रत पाळलं. कोऱ्यावाल्यांनी शहाण्णव."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं यंत्र उत्तम चालतं. आणि नसलं तरी उत्तम चालतं." ती हसली, मग तिला आठवलं आणि थांबली. "आप्पांचा क्रमांक एकशे एकोणीस. बघू?"

त्रिशलाने मान हलवली.

"कोरी."

त्रिशलाला पहिल्यांदा जाणवली ती सुटका, आणि लगेच त्या सुटकेची शरम. आपण नव्हतो. म्हणजे ते होते.

"जीभ हलंना म्हणाले होते," ती म्हणाली. "खोटं नाही बोलत ते."

"खोटं नसेलच. यंत्र आहे म्हटल्यावर हात जड झाला असेल. झालं असेल मनातच काहीतरी. किंवा द्यायचंच नसेल—"

"रेहाना."

"थांब. कोरीलाही कान असतात." रेहानाने त्या संध्याकाळची नोंद उघडली.

पडद्यावर आलेख आला. सहा वाजून दहा मिनिटांनी एक लाट उठली होती. उजव्या हाताचा, पाणी देण्याचा पूर्वकंप, स्वच्छ, ठसठशीत. वर गेली, हातापर्यंत पोहोचायच्या आत वळली आणि खाली आली. सहा बाराला पुन्हा. सहा पंधराला हाताचा आणि जिभेचा एकत्र. सहा चाळीसच्या आत असे अकरा कंप होते. प्रत्येक उठला होता, प्रत्येक विझला होता.

"विझवले कोणी?" त्रिशलाने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तिथं दुसरं कोणी नव्हतं."

रेहाना हळू म्हणाली, "नियत होती बघ. अकरा वेळा होती."

"आणि अकरा वेळा त्यांनीच मोडली."

"काय सांगणार आहेस?"

"खरी होती म्हणून सांगेन. दहा महिने तो दोष माझ्याकडेच होता. राहील अजून."

रेहानाने आलेखाची छापील प्रत काढून तिच्या हातात दिली. "तुझी मर्जी. पण उद्या ते महाराजांसमोर बसणार आहेत. रिकाम्या हातांनी बसवणार आहेस?"

त्रिशला घरी पोहोचली तेव्हा सूर्य मावळून पाच मिनिटं झाली होती. आप्पा बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते, जेवण उरकून. बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात आधी पाणी द्यायची या घरची रीत. दिवस मावळल्यावर ते काम आईचं असे. आई गेल्यापासून त्रिशला चपला काढून स्वतःच स्वयंपाकघरात जाई.

आज ती तशीच समोर बसली. "खरी होती, आप्पा. यंत्राने अडवलं तुम्हाला."

आप्पांनी चष्मा लावला आणि हात पुढे केला. "कागद बघू."

"कागद कशाला?"

"नुसतं उत्तर लिहून आणलंयस. रीत कुठाय?"

पस्तीस वर्षं त्यांनी रीत नसलेल्या उत्तराला शून्य दिलं होतं, त्यात एकदा तिलाही. तिने कागद दिला. कोपऱ्यात छापलं होतं: गट, कोरा. ते त्यांनी वाचलं आणि आलेखाकडे वळले. बोट एकेका लाटेवरून चढत होतं, उतरत होतं. अकराव्या लाटेशी थांबलं.

"हा चढ म्हणजे मी?"

"होय. द्यायला निघाला होता तुम्ही."

"आणि हा उतार?"

तिने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"हापण मीच," आप्पा म्हणाले.

"तुम्हाला वाटत होतं, यंत्र अडवतंय. असं होतं, आप्पा. प्रयोगात कितीतरी जणांना—"

"वाटून घेणारा कोण होता?"

बोट पुढे सरकलं. सहा त्रेचाळीसला एक बारावी लाट होती. ती वर गेली आणि कुठेही वळली नव्हती.

"हे ओठाला बोट लावलं ते," ते म्हणाले. "यंत्राला नियम कळतोय म्हणालो होतो मी." कागद त्यांनी मांडीवर ठेवला. "आता चालतंय, एवढा बारीक नियम मलाच ठाऊक होता की गं. ती गेल्याबरोबर आठवला."

त्रिशला त्यांच्या हातावर हात ठेवायला गेली, पण त्यांनी तो चष्मा काढायला उचलला.

"आणि तू दहा महिने ह्ये तुझं म्हणून वागवलंस."

"यंत्र माझं होतं."

"यंत्र नव्हतंच." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "खोटं सांगायला बसलीस ते आईवर गेलीस. ती अशीच, माझ्या चुका पदरात घालून घ्यायची. त्यादिवशीपण शेवटी काय म्हणाली, सांगितलं न्हाई मी तुला."

"काय?"

"म्हणाली, असू दे, तुमचं व्रत हाय." त्यांचा आवाज वर्गात गणित सांगावं तसा सपाट होता. "मला सोडवून गेली. मी न्हाई सुटलो."

मग ते उठले. गुडघ्यावर हात टेकत स्वयंपाकघरात गेले. भांड्याचा आवाज आला, गाळण्याचं फडकं बांधलेल्या घागरीवरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. ते परत आले तेव्हा हातात पेला होता, काठोकाठ, आणि फरशीवर थेंब सांडत होते.

"आप्पा, दिवस मावळलाय."

"ठाऊक हाय."

"तुमचं आजन्म व्रत आहे."

"म्हणून तर." त्यांनी पेला तिच्यासमोर धरला. "ह्ये मी देतोय. उद्या महाराजांना सांगताना ह्यापण कर्माला मालक असेल. घे. तहान लागली असंल."

तिला तहान लागली होती. दुपारपासून तिने काही घेतलं नव्हतं. पेला तिच्यापासून दोन वितींवर होता, आणि तिला तो घ्यायचा होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचा हात उचलला नाही.

"घे की गं," आप्पा म्हणाले.

तिने कधी कुठलं व्रत घेतलं नव्हतं. तिच्या कानामागे काहीही नव्हतं, खरं किंवा कोरं. त्यामुळे त्या संध्याकाळी तिच्यात किती लाटा उठल्या आणि कोणी विझवल्या, याची नोंद कुठेही नाही.