एक सेंटीमीटर म्हणजे दहा माणसं

माइन नदीच्या पाण्याची उंची रोज सकाळी सात वाजता वहीत उतरवायची, हे काम मी तेहतीस वर्षं केलं. शाळेत शिकवत होते तेव्हाही आणि निवृत्त झाल्यावरही. धक्क्याच्या दगडात एक लोखंडी पट्टी बसवलेली आहे. तिच्यावरचा आकडा वाचायचा, लिहायचा, महिनाअखेरीस कागद पाठवून द्यायचा. त्यात कल्पनेला वाव नाही, म्हणूनच मला ते काम आवडायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल की म्हातारीला भास झाले.

१९७१च्या ऑक्टोबरात आमच्या लिंडेनफुर्टमध्ये द्राक्षांच्या तोडणीची घाई होती आणि तिच्याहून मोठी घाई पुलाची. नदीवरचा नवा पूल रविवारी, चोवीस तारखेला उघडणार होता. त्याच दिवशी गावाला साडेसातशे वर्षं झाल्याचा सोहळा. पूल झाला की वेंडेलिन आंकेनब्रांटची फेरीबोट बंद. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान, अठ्ठावन्न वर्षांचा. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे नावाडी. नदीच्या आरपार तारेचा जाड दोर, त्याला बांधलेली सपाट बोट आणि प्रवाहाच्या जोरावर या तीरावरून त्या तीरावर. पलीकडे कुणाला यायचं असलं की तिथल्या खांबावरची घंटा वाजवायची.

"पुलाला काय, पायाखाली घेतला की झालं," वेंडेलिन म्हणायचा. "त्याला हाक मारावी लागत नाही."

सोहळ्यासाठी गावाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे होतं. चर्चच्या जुन्या नोंदवहीत मला १६३५ सालच्या साथीच्या उन्हाळ्यातल्या तीन ओळी सापडल्या. पलीकडच्या तीरावर तेव्हा ओटेनहोफ नावाची वस्ती होती. 'ओटेनहोफात एकेचाळीस जीव. गावसभेच्या हुकमाने फेरीबोट अलीकडे साखळीने बांधली. पलीकडची घंटा नऊ दिवस वाजत होती.' त्याखाली एका बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद होती.

आमचा सरपंच बुर्कहार्ट ह्युमर माझाच विद्यार्थी. पाटीवर चुकलेली गणितं थुंकी लावून पुसणारा. तो छापखान्यातून आलेली पानं घेऊन घरी आला.

"बाई, रविवारी बिशपसाहेब येणार, बँड लागणार. आणि लोकांनी वाइनचा पेला हातात धरून हे वाचायचं?"

"घडलंय ते लिहिलंय."

"घडलं असेल, मी कुठे नाही म्हणतो? पण चौसष्ट पानांतलं एक गेलं, तर कुणाचं काय अडणार आहे?"

मी वाद घातला, पण फार नाही. शनिवारी, सोळा तारखेला, मी ते पान काढलं. यातून तुम्ही काही अर्थ काढावा असं म्हणत नाही. मी फक्त तारीख सांगते.

सोमवारी साडेदहाच्या सुमाराला धुकं वर गेलं होतं. मी धक्क्यावर वेंडेलिनशी बोलत होते. पलीकडची घंटा वाजली. त्याने बोट सोडली. पलीकडे गवताळ पट्टा, अक्रोडाच्या झाडांची एक रांग आणि चिखलवाट, एवढंच आहे. माणूस असता तर दिसला असता. वेंडेलिन थोडा वेळ थांबला, दोन हाका मारल्या आणि परत आला.

"कुणीतरी चेष्टा केली असेल," मी म्हणाले.

तो बोटीच्या कडेकडे बघत उभा होता. "इर्मा, जड आली गं."

"काय जड आली?"

"ही. जाताना हलकी गेली. येताना दोर कसा ताणला होता बघितलास ना?"

"पाणी शिरलं असेल."

त्याने तळाची दोन्ही झाकणं उघडून दाखवली. आत कोरडं होतं. एक कोळी जाळं विणत बसला होता.

मंगळवारी मी पांढरा रंग नेला आणि बोटीच्या कडेवर सेंटीमीटरच्या खुणा काढल्या, पाण्यापासून वर तीस. दहाला घंटा वाजली. बोट रिकामी गेली, रिकामी आली, आणि येताना चार खुणा पाण्याखाली होत्या. वेंडेलिनने उतरायची फळी टाकली. मी गुडघ्यांवर बसून बघत होते. बोट वर येऊ लागली. एकदम नाही. थोडी वर, मग थांबली, मग पुन्हा थोडी. बाजाराच्या दिवशी बायका टोपल्या सांभाळत उतरतात तशी. दोन मिनिटं लागली.

बोट बारा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद. ती एक सेंटीमीटर बुडायला सहाशे किलो लागतात. सहावीच्या वर्गालाही हे गणित जमतं. सहाशे किलो म्हणजे दहा माणसं.

तेव्हा मी वेंडेलिनला त्या पानाबद्दल सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"नावाड्याचं नाव लिहिलंय?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि फळी उचलायला गेला.

चार सेंटीमीटर म्हणजे चाळीस. एकेचाळिसावं एखादं तान्हं असेल. आकडा जुळला की माझं मन शांत होतं, इतक्या वर्षांची सवय. सोमवारची फेरी मी मोजलीच नव्हती, हे मला कळत होतं. तिकडे मी डोळेझाक केली.

बुधवारी घंटा सहा वेळा वाजली. दर फेरीला चार खुणा, कधी पाच. गुरुवारी सात वेळा. ओटेनहोफात एकेचाळीसच होते. माझा आकडा गुरुवारी दुपारी पाचशेच्या वर गेला. आमच्या गावाची वस्ती दोनशे चौदा.

गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण गावाची तब्येत बिघडली. बेकरीत चार बायका होत्या तरी रांग दाराबाहेर रस्त्यावर आली होती. वेंडेलिनची बायको वाल्बुर्गा मागे वळून खेकसली, "ढकलू नका हो, मी काय पाव घेऊन पळून चाललेय?" तिच्या मागे मी होते, आणि माझ्यात न् तिच्यात हातभर अंतर होतं. दोन भाऊ कुंपणावरून हातघाईवर आले. एकाचं म्हणणं, दुसरा त्याच्या अंगणात येऊन उभा राहतो.

संध्याकाळी चर्चमध्ये जपमाळेची प्रार्थना होती. मी मागे उभी होते. बारा जणांच्या बाकावर सात जण बसले होते, खांद्याला खांदा चिकटवून, आणि कडेचा पोस्टमन अर्धा बाकाबाहेर. एका पायावर तोल सांभाळत त्याने अख्खी प्रार्थना म्हटली. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मी बसायला जागा शोधली. जागा दिसत होती. तरी मी बसले नाही.

बाहेर पडताना वाल्बुर्गाने माझा दंड धरला. "इर्मा, माझ्या नवऱ्याला काही बोललीस का तू?"

"का गं?"

"तो पलंगाच्या त्या कडेला झोपतो, मी या कडेला. मध्ये कुणी नाही. पण मध्ये सरकताच येत नाही." मग ती उगीचच हसली. "म्हातारपण, दुसरं काय!"

शनिवारी तीन वाजता शेवटची फेरी ठरली होती. सगळं गाव धक्क्यावर जमलं. बोटीला द्राक्षवेलींचा हार घातलेला, बँडवाले पितळ चमकवून उभे. वेंडेलिनने बिशपसाहेबांच्या माणसांना पलीकडे नेऊन आणलं, टाळ्या झाल्या. बुर्कहार्टने भाषण केलं आणि साखळी हातात घेतली. बोट समारंभाने बांधायची होती.

घंटा वाजली.

पाणी ओलांडून आवाज स्वच्छ आला. सगळ्यांनी पाहिलं. खांबावरून लोंबणारा घंटेचा दोर खाली ताणला जात होता, सुटत होता, पुन्हा ताणला जात होता.

"वारा आहे," बुर्कहार्ट म्हणाला.

अक्रोडाचं एक पान हलत नव्हतं.

वेंडेलिन बोटीकडे निघाला. बुर्कहार्ट त्याच्या आडवा आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "पुरे कर आता. गावात पाय ठेवायला जागा राहिली नाही." बोलून गेल्यावर तो स्वतःच दचकला. आपण काय बोललो, ते त्याला कळेना. पण आजूबाजूच्या चारपाच जणांनी माना डोलावल्या.

घंटा थांबत नव्हती.

"इर्मा," वेंडेलिनने सगळ्यांदेखत विचारलं, "तू सांग. जाऊ की नको?"

गाव माझ्याकडे बघायला लागलं. बुर्कहार्टच्या हातात साखळी होती. माझ्या पिशवीत त्या इतिहासाची नवी कोरी प्रत होती, त्रेसष्ट पानांची. मला वाटलं, नको म्हणावं. खरंच वाटलं. आणखी कुठे मावणार होते? त्या उन्हाळ्यात याच दगडावर उभं राहून कुणीतरी हेच मनात आणलं असेल, हेही वाटलं.

"जा," मी म्हणाले.

बुर्कहार्टने साखळी खाली ठेवली. तो रागावला नाही. थकल्यासारखा दिसला.

बोट पलीकडे पोचली. फळी पडली. घंटा थांबली.

बोट तिथे बराच वेळ उभी राहिली. मग निघाली.

अर्ध्या नदीपर्यंत येईतो माझ्या खुणा दिसेनाशा झाल्या. तिसाच्या तीस. पाणी बोटीच्या फळ्यांवर चढलं होतं. वेंडेलिनचे बूट पाण्यात होते, आणि तो कडेला, अगदी कडेला, दोराच्या खांबाला मिठी मारून उभा होता. बाकी सगळी बोट मोकळी होती.

कुणी सांगितलं नाही. पुरुषांनी टोप्या काढल्या.

फळी पडली.

बोट वर येऊ लागली. चर्चच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते. शेवटची खूण कोरडी दिसली तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती. 

वेंडेलिन उतरला. "आता पलीकडे कुणी नाही," तो मला म्हणाला. त्याचे दात वाजत होते. घंटा पुन्हा कधी वाजली नाही.

रविवारी पूल उघडला. बँड वाजला, भाजलेले सॉसेज आणि नवी वाइन झाली, पुस्तकं वाटली. छान झाला समारंभ.

नाताळाआधी वेंडेलिन आणि वाल्बुर्गा श्वाइनफुर्टला तिच्या बहिणीकडे राहायला गेले. "भ्यायलो असं समजू नकोस," घराची किल्ली माझ्या हातात देताना तो म्हणाला. "कोंडल्यासारखं होतं गं." मग बेकरीवाले गेले. मग कुंपणावरून भांडणारे दोघेही भाऊ, एकाच आठवड्यात. कुणीही भुताखेताचं नाव काढलं नाही. सगळे एकच सांगायचे: इथे दाटी फार. दहा वर्षांत गावात सत्तर माणसं उरली. निम्म्या घरांना कुलपं लागली. तरी रस्त्यावर समोरासमोर आलो की आम्ही आजही एकेक करून, अंग चोरून जातो.

यंदाच्या वसंतात, १९८९च्या एप्रिलमध्ये, व्युर्त्सबुर्गहून एक तरुण जोडपं आलं. त्यांना नदीकाठी घर हवं होतं. चौकात त्यांना बुर्कहार्ट भेटला. आता तो काठी घेऊन चालतो. बंद घरांच्या रांगेसमोर उभं राहून त्याने अगदी मनापासून सांगितलं, "वाईट वाटतं हो, पण आमच्याकडे जागा नाही." दोघं हसली. त्यांना तो विनोद वाटला.

मी त्यांना वेंडेलिनचं घर दाखवायला नेलं. सतरा वर्षांत त्यात कुणी राहिलं नव्हतं. कुलूप काढायला मला दोन्ही हात लागले. आत धूळ, उघड्या भिंती, जमिनीवर उन्हाची एक पट्टी. नवरा मोजपट्टी काढत सरळ स्वयंपाकघरात शिरला. खिडकी किती रुंद आहे, ते तो मोठ्याने सांगू लागला.

ती उंबरठ्यात होती. तिने एक पाय आत टाकला आणि पटकन मागे घेतला.

"अगंबाई, माफ करा हं," ती म्हणाली आणि भिंतीला पाठ लावून बाजूला झाली.

"कुणाशी बोलतेस?" आतून नवऱ्याने विचारलं.

तिला ते ऐकू आलं असेल असं वाटत नाही. मी दाराच्या दुसऱ्या बाजूला, किल्ली मुठीत धरून, तशीच भिंतीला टेकून उभी होते. नव्या शेजाऱ्यांना बघून हसावं तशी ती हसत होती आणि मान लववत होती. एकदा. मग पुन्हा. मग आणखी एकदा, या वेळी जरा खाली वाकून, गुडघ्याएवढ्या उंचीकडे बघून.