नळ येईपर्यंत

ज्या शहरात आठ-दहा दिवसांनी एकदा नळ येतो, तिथं पाण्याचा थेंबसुद्धा कुणी वाया घालवत नाही. पुंडलिकनगरातल्या दीपमालाने मात्र एका पहाटे कितीतरी घागरी पाणी एका झोपलेल्या माणसावर ओतलं.

तिचा दोष म्हणावा तर होता, न म्हणावा तर नव्हता. आप्पांना गुडघ्यांमुळे गच्चीचा जिना चढवत नसे, आई बरेचदा गावाकडं शेतावर, म्हणून मोटर लावून टाक्या भरायचं काम लेकीकडं होतं. आणि लेकीच्या कानात कायम हेडफोन. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरून करायची. कंपनीची गिऱ्हाइकं सातासमुद्रापार, त्यामुळे मीटिंगला वेळकाळ नव्हता. त्या पहाटेही "हो हो, आजच देते" असं म्हणत ती गच्चीवर गेली आणि बोलण्याच्या नादात स्वतःच्या टाकीऐवजी भाडेकरूच्या टाकीचा कॉक फिरवून बसली.

ती टाकी आधीच भरलेली होती. पाणी धो धो वाहायला लागलं आणि टाकीखाली पसरलेली सतरंजी ताडकन उठून बसली.

"आलं वाटतं पाणी," सतरंजीतून आवाज आला.

"अगं बाई... सॉरी! तुम्ही — तुम्ही इथं काय करताय?"

"झोपलो होतो. खाली लई उकडत होतं." केसांतलं पाणी झटकत एक सावळा, हसऱ्या डोळ्यांचा तरुण बाहेर आला. "भाड्यात अंघोळ बी असती, हे आप्पा बोलले नव्हते."

दीपमाला म्यूट करायला विसरली होती. कानात पुण्याची सगळी मंडळी खदखदून हसली. तिने गडबडीने मीटिंगच बंद केली. नोकरी लागल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं होतं, आणि गंमत म्हणजे त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

हा नवा भाडेकरू, कृष्णा, फर्दापूरकडचा. त्याचे वडील रामकिसन मेंढ्या राखायचे. दर उन्हाळ्यात त्यांचा कळप खतासाठी आप्पांच्या शेतात बसायचा आणि त्या जुन्या ओळखीवर आप्पांनी त्याला वरची खोली दिली होती. कृष्णा स्वतः शहराबाहेरच्या बॅटरी गाड्यांच्या कारखान्यात मशीन चालवायचा. आज सकाळची शिफ्ट, तर पुढच्या आठवड्यात दुपारची. एका छताखाली राहूनही दोघांची गाठ पडणं कठीणच होतं.

गाठ पडायची ती नळाच्या दिवशी. पाणी पहाटे येणार एवढंच ठाऊक असायचं. नक्की कधी, ते सोडणाऱ्यालाच माहीत. तोवर अंगणातल्या हौदाशेजारी पायरीवर बसून राहायचं. पुढच्या खेपेला दीपमाला लॅपटॉप घेऊन पायरीवर बसली, तर कृष्णा चहाचं पातेलं आणि दोन कप घेऊन उतरला.

"भिजवणारीलाच चहा देताय?" ती म्हणाली.

"तुमची भीती वाटती. चहा पाजून ठेवलेला बरा."

तिने हसू दाबलं आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. तो नुसता बसला होता. थोड्या वेळाने तिलाच राहवेना. "तुम्ही काय करताय?"

"नळाची वाट बघतोय."

"ती तर मीही बघतेय."

"तुम्ही कुठं बघता? तुमचा एक डोळा लॅपटॉपवर, एक मोबाइलवर. वाट बिचारी तशीच ऱ्हायली."

"असं काही नाही हं. मी मेडिटेशनसुद्धा करते," ती तोऱ्यात म्हणाली. "ॲप घेतलंय. रोज कानात लावते... दीडपट स्पीडवर."

कृष्णाच्या हातातला चहा हिंदकळून त्याच्या पायजम्यावर सांडला. तो इतका मनापासून हसला, की तिला राग यायच्या ऐवजी स्वतःचंच हसू आलं. खरंच की! मन शांत करायलासुद्धा घाई करणारी आपण केवढ्या शहाण्या...

मग ती बोलत सुटली. दर महिन्याला कंपनीत नवं काहीतरी येतं, ते शिकेस्तोवर जुनं होतं. तिचं निम्मं काम आता संगणकच करतो आणि उरलेलं निम्मं तिचं किती दिवस राहील हे कुणी सांगत नाही. झोप येते ती फोन हातात घेऊनच.

"माझ्या जागेवर बी एक मशीन आलं," कृष्णा म्हणाला. "तेच चालवायला शिकलो. उद्या दुसरं येईल."

"भीती नाही वाटत?"

"वाटती की. लई वाटती." त्याने कप खाली ठेवला. "बाप मेंढरं तळ्यावर नेतो ना, तवा त्यांचं पिऊन होईपर्यंत निवांत बसतो. पिणाऱ्या मेंढराला हाकललं तर ते पीत बी नाय अन् चालत बी नाय. म्हणून म्या ठरवलं, नळ येईपर्यंत भ्यायचं नाय. नंतर हायेच की."

एवढ्यात नळातून हवा सुटली. पाण्याच्या आधी ती येते, फुस्स करत, पाइप थरथरवत. दोघांनी एकाच वेळी पाइपवर हात ठेवला. बोटं बोटांना लागली... आणि पाणी आलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. आप्पांनी आतून हाक मारली, तेव्हा दोघं मोटरीकडं पळाली.

त्यानंतर दीपमाला लॅपटॉप घरात ठेवूनच पायरीवर येऊ लागली. ऑफिसला तिने सांगून टाकलं, "नळाच्या दिवशी सकाळी मी नसते." पलीकडून थोडी कुरकुर झाली, मग लोकांना सवय झाली. काम तेवढंच होतं, पण ते आता मानगुटीवर बसत नव्हतं. रात्री फोन उशाला राहायचा आणि ती त्याच्याआधी झोपून जायची. आरशासमोर मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ जाऊ लागला. पहाटेच्या अंधारात कुणाला दिसणार आहे, असं स्वतःला विचारत ती केस पुन्हा विंचरायची.

अशात शेजारच्या सारजाबाई पेढे घेऊन आल्या. गल्लीत नवी लाइन टाकून झाली होती. येत्या सोमवारपासून रोज पाणी, आणि तेही ठरल्या वेळेला. सारी गल्ली खूश. दीपमालाचं तोंड तेवढं कडू काकडी खाल्ल्यासारखं झालं.

रोज पाणी आलं की वाट कुणी बघायची? वाटच नसली तर तो पायरीवर कशाला उतरेल? तो त्याच्या शिफ्टला जाईल, आपण मीटिंगला. जिन्यात कधी भेटलोच तर 'काय, कसं काय' म्हणू आणि संपलं. कृष्णा तिला आवडत होता, फार आवडत होता, आणि हे कळायला पेढा खावा लागला.

संध्याकाळी तो गेटपाशी दिसला.

"रोज नळ येणार म्हणे," ती म्हणाली.

"व्हय. बरं झालं."

"बरं झालं?"

"लोकांचे हाल संपतील की."

"हो... लोकांचे." ती वळून घरात गेली. तो काहीतरी म्हणायला आला होता असं तिला वाटलं, पण तोपर्यंत दार लागलं होतं.

सोमवारी उजाडायच्या आत ती चपला हातात घेऊन बाहेर पडली. नव्या लाइनबरोबर प्रत्येक घराच्या गेटबाहेर एक छोटा खड्डा, त्यावर लोखंडी झाकण आणि आत त्या घराचा कॉक बसवला होता. आपल्या घराचा तेवढा बंद करायचा. गल्लीला पाणी मिळू दे. आपल्याकडं फक्त आजच्या दिवस नको. आज त्याला पायरीवर बसवायचं आणि मनातलं सांगून टाकायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. हे वागणं येडेपणाचं आहे हे तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

तिने झाकण उचललं, हात घातला, कॉक फिरवला. फिरेना. जोर लावला, तरी हलेना. मग तिच्या ध्यानात आलं... कॉक आधीच बंद होता. अगदी करकचून.

"तो... जाम झालाय जरा," मागून आवाज आला.

कृष्णा गेटला टेकून उभा होता, दोन्ही हातांना ओला चिखल.

"जाम झालाय, की केलाय?" ती उकिडवी बसूनच म्हणाली.

"तू आधी सांग." त्याने पहिल्यांदाच तिला 'तू' म्हटलं. "तू काहून आली एवढ्या पहाटं?"

"मी... बघायला. म्हणजे —" खोटं सुचेना. "बंद करायला आले होते. मला बसायचं होतं तुझ्याबरोबर. नळ येईपर्यंत."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "त्या दिवशी 'बरं झालं' म्हणलो अन् रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या. मला तू लई आवडती, दीपमाला. बाकी बोलता येत नाय मला, म्हणून कॉक बंद केला."

"आणि रोज काय, रोज बंद करणार?"

"नाय. रोज पाणी येऊ दे. मी बी रोज येतो, पाण्याचं निमित्त न करता. सकाळची शिफ्ट असली तर संध्याकाळी. तुझी मीटिंग असली तर... तर शेजारी गप बसंन."

"तुला गप बसता येतं?"

"वाट बघता येती. ते जमतं मला."

तिचे डोळे भरून आले आणि तिला हसूही आलं. त्याच वेळी गल्लीभर फुस्स फुस्स असे आवाज उठले. घराघरांत बादल्या वाजल्या, सारजाबाईंनी नळासमोर खाडकन नारळ फोडला. कृष्णाने घाईघाईने कॉककडं हात नेला.

"दीपे," आप्पांनी आतून विचारलं, "सगळ्या गल्लीत आवाज येतोय. आलं का गं आपल्याकडं पाणी?"

दीपमालाने त्याच्या चिखलाच्या हातावर आपला हात ठेवला आणि तिथंच दाबून धरला.

"नाय आप्पा," ती निवांत म्हणाली, "अजून नाय आलं. जरा वाट बघावी लागंल."