जीव आधी जडला

विवाह नोंदणी कार्यालयातल्या माझ्या खिडकीशी तो एकटाच येऊन उभा राहिला. ओला रेनकोट, हातात विद्यापीठाचं पत्र. शहरातली लग्नं कधी वाढली, कधी घटली आणि का, हे त्याला चाळीस वर्षांच्या नोंदींवरून शोधायचं होतं. रेकॉर्ड रूममध्ये वरच्या फळीवरची वही काढायला दोघांचे हात एकदमच पुढे गेले... आणि एकदमच मागे आले.

मग रोज दुपारी मी आकडे वाचायची, तो लिहून घ्यायचा. कागद कारखाना बंद पडला त्या वर्षी लग्नं निम्म्यावर आली होती. त्याच्या बरंच आधी, एका वर्षी मात्र ती दुप्पट झालेली. का, ते त्याला उमगेना. माझ्या आईबाबांचं लग्न त्याच वर्षीचं, म्हणून मी त्याला घरी नेलं.

आई गेल्यापासून गप्प झालेले, त्यात पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले बाबा त्या दिवशी चक्क हसले. कारखान्याने तेव्हा कामगारांसाठी खोल्या बांधल्या होत्या, आणि त्या फक्त लग्न झालेल्यांनाच मिळायच्या.

"खोलीसाठी केलं लग्न," बाबा म्हणाले. "जीव नंतर जडला."

जिना उतरताना तो हळूच म्हणाला, "आपलं उलटं झालंय. जीव आधी जडलाय, खोलीचा पत्ता नाही."

"आपलं — म्हणजे कुणाचं?"

"तुम्हाला माहीत आहे..."

मला माहीत होतं.

तो तिघांबरोबर एका खोलीत राहायचा, अधूनमधून बाबांना भेटून जायचा. नोकरी सहा-सहा महिन्यांची. थंडी सरली तसं इथलं काम संपलं आणि दूरच्या शहरात दुसरं मिळालं, तेही वर्षापुरतंच. निघायच्या दिवशी तो रेकॉर्ड रूमच्या दारात घुटमळला.

"कायमची नोकरी लागली की येतो. थांबशील?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. बाबांना असं हलवता येणार नव्हतं, आणि त्याला इथे पोट भरता येणार नव्हतं. हो म्हणणं किती सोपं होतं...

"नको," मी म्हटलं. "तूही माझ्यासाठी अडकून राहू नकोस. आवडतोस ना, म्हणून सांगते."

त्याने माझी बोटं क्षणभर घट्ट धरली आणि तो गेला.

काही दिवसांनी एका संध्याकाळी बाबांनी विचारलं, "तो येत नाही हल्ली?"

"चांगली नोकरी लागली त्याला."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "माझ्यामुळे राहिलीस का गं?"

"नाही बाबा," मी खोटं बोलले आणि त्यांची उशी सारखी केली. त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं, ते झोप लागेपर्यंत सोडलं नाही.