वामनरावाचं पेव

जानेफळले वामनरावाचं ज्वारीचं पेव उघडायचं होतं. मी दोर धराले गेलतो. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. वर्षभर बंद राह्यलं की आतली हवा मरते. म्हणून आधी टोपल्यात कोंबडी सोडतात. जिती आली तं माणूस उतरते. मेली तं दोन-चार दिवस थांबायचं अन् कोंबडी खायची.

पण सांजेले लग्नाचं वऱ्हाड येणार होतं, अन् त्यायच्या भाकरीची ज्वारी पेवातच होती. थांबायचं कसं?

वामनरावाचा साळा नारायणराव नागपूरहून ढोरांची डॉक्टरी शिकून आलता. त्याच्यापाशी एक काळं औषध होतं.

"दाजी, हे पाजलं की जनावर हवेबिगर मरत नाही."

त्यानं दोन कोंबड्या सोडल्या. एक औषध पाजलेली, एक तशीच. तशीच होती तिची मान लोंबत वर आली. दुसरी टोपल्यातून उतरली अन् दाणे टिपाले लागली.

पेवात उतरणारा कडूबा. त्याची बायको गोजरबाई आडवी आली. "तुमाले काय कोंबडी समजलं यायनं?"

"कोंबडीले पोतं भरता येते काय वो?" म्हणून कडूबानं औषध पिऊन टाकलं.

आधी कंदील सोडला, तो इझला. मंग कडूबा गेला. आंबूस, कोंदट वास वर आला. अंधारातून पोत्यामागून पोतं येऊन राह्यलं होतं.

मी वाकलो. "कडूबा... दम लागते काय?"

"नाही बे..." खालून आवाज आला. "अजिबातच नाही..."

वर आला तं घाम नाही, धाप नाही. नारायणरावानं त्याच्या नाकाखाली कापूस धरला. हलला नाही. कोंबडीच्या चोचीपुढं धरला. तिथंही नाही.

"औषध लागू पडलं," नारायणराव म्हणे. पण त्याचा चेहरा उतरलता.

वऱ्हाड जेवलं. कडूबानंच वाढलं.

सकाळी रिकामं पेव बुजवाले गेलो, तं आतून श्वास ऐकू आला. एक मोठा, सावकाश. त्याच्या बाजूले एक लहान, घाईघाईचा.

गोजरबाई पेवाच्या तोंडाशी जाऊन बसली. "माती टाकू देणार नाही." कोणीच टाकली नाही.

माणूस जिता हाय, हे आपण कायवरून ठरवतो? कडूबा चालते, बोलते, भाकर खाते. मंग गोजरबाई पेवावर गोधडी काऊन पांघरते?

काल आतून खोकला आला. कडूबा माझ्या बाजूले जेवत होता. त्यानं हात थांबवला, जरासं ऐकलं.

"थंडी लागली असंन मले," म्हणे, अन् घास मोडला.