ओरोझबायचं देणं

"घोडा कापायचा म्हणजे कापायचाच!"

मेलिस अंगणाच्या मधोमध उभा राहून ओरडला, आणि तंदुरात वाकलेल्या तुर्सुनायच्या हातातला नान भिंतीला न चिकटता खाली निखाऱ्यांत पडला.

सासऱ्यांचा देह अंगणात उभारलेल्या जाड लोकरी नमद्याच्या गोल तंबूत ठेवला होता. आदल्या दुपारी ओरोझबायनी चहाचा पेला खाली ठेवला, भिंतीला डोकं टेकलं, आणि संपलं! धाकटा मुलगा मॉस्कोहून येईपर्यंत थांबायचं असं भाऊबंदांनी ठरवलं. तो आला, बापाचं तोंड पाहून धाय मोकलून रडला, आणि डोळे पुसून होतात न होतात तोच भावजयीपुढं येऊन उभा राहिला.

"मयताच्या जेवणाला मेंढ्या पुरतील रे," तुर्सुनाय हळूच म्हणाली. "दोन कापू. माझ्यामागं उधळपट्टी नको, असं बाबाच म्हणायचे."

"बाबा बरंच काही म्हणायचे, वहिनी! हे घर धाकट्याचं, असंही म्हणायचे. कुठं गेलं ते?"

गाजरं चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"घर गिळलंत ना तुम्ही दोघांनी? मग निदान त्या घराच्या मालकाला घोडा घालून तरी पोचवा! की त्यालाही हिशेब लावणार तुम्ही, वहिनी?"

"तंदूरवाली आहे बाई," कोपऱ्यातून एक म्हातारी पुटपुटली, "राखेखाली काय काय झाकलंय, कोण जाणे."

तुर्सुनायनं पडलेला नान निखाऱ्यांतून बाहेर काढला. सूनबाई होऊन ती या घरात आली तेव्हा मेलिस आठ वर्षांचा होता, आईवेगळा. थंडीच्या चिखलातून त्याला पाठुंगळी घेऊन ती शाळेत सोडायची, आणि तो तिच्या कानाला धरून 'डावीकडं, उजवीकडं' असा तिला हाकायचा... तोच आता तिला 'तुम्ही' म्हणत होता, आणि त्यातला प्रत्येक 'तुम्ही' तिच्या काळजात सुरीसारखा जात होता.

काय सांगणार होती ती? रीतीप्रमाणे घर धाकट्याचं, हे तिला का ठाऊक नव्हतं? तिचा नवरा शमशी, थोरला. त्यानं तर लग्नानंतर दोनच वर्षांत जर्दाळूच्या बागेपलीकडं स्वतःच्या वेगळ्या घरासाठी विटा आणून रचल्या होत्या. त्या विटा पुढं एकेक करून विकल्या गेल्या.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मेलिस शमशीची नानची गाडी घेऊन उझगेनच्या बाजारातून परतत होता. नदीच्या पुलापाशी वळणावर एक मोटारसायकल समोर आली... तो पोरगा जागच्या जागी गेला. पलीकडच्या गावच्या अब्दिलासचा मुलगा, अजून मिसरूडही न फुटलेला. त्यानंतर मेलिस जेवेना, बोलेना. दोनदा त्याला त्याच नदीच्या, कारा-दर्याच्या पाण्यातून ओढून काढावं लागलं. दुसऱ्यांदा शमशीनंच उडी टाकली होती.

दोन्हीकडचे वडीलधारे बसले आणि मुलाच्या जिवाची भरपाई ठरली. एवढी रक्कम घरात नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला कुठली बँक कर्ज देणार? म्हणून घर शमशीच्या नावावर चढलं आणि लगेच गहाण पडलं. मेलिसला मात्र सांगण्यात आलं, की त्या माणसांनी देवाखातर सोडून दिलं.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं थोरल्या मुलाच्या आणि सुनेच्या तळहातावर ताज्या नानचा एकेक तुकडा ठेवला.

"आपल्यापायी घर गेलं हे त्याला कळलं, तर तो तिसऱ्यांदा नदीवर जाईल. शपथ घ्या. बोलाल तर हा नान तुम्हाला बाधेल."

नान भाजून पोट भरणाऱ्यांनी नानची शपथ घेतली! ती मोडायची कशी?

पुढं मेलिस मॉस्कोला गेला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, की घर दादानं आपल्या नावावर करून घेतलंय. त्याचा एकच फोन आला: "दादाला सांगा, मला भाऊ नाही." शमशीनं फोन खाली ठेवला आणि पीठ चाळायला बसला. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, गाडीतून पोती उतरवता उतरवता तो चाकापाशी टेकला, आणि पुन्हा उठला नाही. त्या मयतालाही मेलिस आला नाही.

मग कमावत्या राहिल्या दोघी, तुर्सुनाय आणि तिची मुलगी जिबेक. जिबेक हुशार पोर, परिचारिकेचं शिक्षण अर्ध्यावर सोडून आली. आता जुन्या बाबागाडीत नान रचून बाजारात विकायची. पिठाचा भाव वाढला की त्यांच्या जेवणातलं मांस जायचं, लाकडाचा भाव वाढला की लोणी. पण बँकेचा हप्ता चुकला नाही. एकच ध्यास तुर्सुनायला होता, की घर मोकळं करायचं आणि ते मोकळं घर मेलिसच्या हातात ठेवायचं. मग तो काही म्हणेना का!

या महिन्याचा हप्ता पिठाच्या डब्यात होता. तिनं डब्याकडं पाहिलं. त्याला हात लावला तर महिनाअखेर घराला बँकेचं कुलूप... ती उठली, मागच्या दारानं शेजारच्या रावशानकडं गेली. त्याचाही तंदूर होता.

"रावशानभाई, माझं कणीक मळायचं यंत्र घेता का? आत्ता, रोखीनं."

"अगं, पण तू मळणार कशानं?"

"हातानं. देवानं दोन दिलेत."

"त्या हातांना संधिवात आहे, तुर्सुनाय."

"घोडेवाल्याला त्याचं काय? भाव बोला, भाई."

रावशाननं पडता भाव सांगितला आणि स्वतःच खाली पाहिलं. तिनं घासाघीस केली नाही. दुपारपर्यंत घोडा आला, कापला गेला, कढया चढल्या. मेलिसनं पैसे कुठून आले हे विचारलं नाही. "बघा, होते ना!" एवढंच तो भाऊबंदांना म्हणाला.

जनाज्याच्या नमाजाची वेळ झाली. देह बाहेर नेला गेला. बायका तंबूतच राहिल्या, रीतीप्रमाणे नमद्याच्या भिंतीकडं तोंड करून, सूर लावून रडत. बाहेर पुरुषांच्या रांगा उभ्या राहिल्याचा आवाज आला, मग सगळं शांत झालं. आता थोरल्या मुलानं पुढं होऊन विचारायचं असतं. थोरला नव्हता. मेलिसचाच आवाज आला.

"लोकहो! माझ्या बापाकडं कुणाचं काही देणं असेल तर आत्ता सांगा. त्याला ओझ्यासकट मातीत घालू नका. माझ्या नावावर घर नसलं, तरी देणं माझ्या नावावर लिहा!"

तुर्सुनायनं कपाळ नमद्याला टेकलं. देणं आहे रे, बाळा... आहे! पण बँक असल्या रांगेत येऊन उभी राहत नाही.

"मला बोलायचंय," बाहेर एक थकलेला आवाज म्हणाला. "मी अब्दिलास. पुलापलीकडचा."

तंबूतलं रडणंही थांबलं.

"तुम्ही...?" मेलिसचा आवाज चिरकला. "तुम्ही तर... तुम्ही तर माफ केलं होतं मला!"

"नाही केलं. केलं असतं तर माणूस झालो असतो. मी पैसे घेतले, पोरा. तुझ्या भावानं आणून दिले, हे घर गहाण टाकून. त्यानं पैसे माझ्यासमोर मोजले, आणि मी म्हणालो, पुन्हा मोज. तुझ्या बापानं माझे पाय धरले, पोराला कळू देऊ नका म्हणाला. त्यांनी शपथा घेतल्या. मी घेतली नव्हती, तरी गप्प बसलो. आता ओरोझबाय चालला. त्याची सून अजून बँकेत हप्ते भरतेय आणि तू तिला सगळ्यांदेखत घर गिळणारी म्हणतोयस, हे ऐकून मला नमाजाला उभं राहवेना."

 मग मौलवींनी हलकेच तकबीर म्हणून नमाज सुरू केला.

पुरुष कबरस्तानाकडं गेले. तुर्सुनाय होती तिथंच बसून राहिली. हलकं वाटायला हवं होतं, पण तिला भीतीच वाटत होती. कबरस्तानाची वाट नदीवरून जाते... "जिबेक," ती म्हणाली, "रावशानभाईंना फोन लाव, मेलिसच्या शेजारून हलू नका म्हणावं."

परतणाऱ्या पुरुषांचा आक्रोश दुरून ऐकू आला. त्यात मेलिसचा आवाज ओळखला तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला. तो बाकीच्यांसारखा बाहेर थांबला नाही. बायकांच्या तंबूत शिरला आणि तिच्यापुढं गुडघ्यांवर कोसळला.

"वहिनी... दादाच्या मातीला मी आलो नाही... मूठभर माती टाकली नाही मी!"

त्यानं डोकं तिच्या पायांशी टेकलं.

"सगळ्यांना विचारलं, तुला विचारलंच नाही मी. बाबांकडं तुझं काय देणं आहे? सगळ्यांसमोर सांग."

"माफ केलं म्हण बाई," सकाळची तीच म्हातारी आता डोळे पुसत म्हणाली. "तेवढं म्हण, सुटू दे बापलेकाला."

तेच तर ती नऊ वर्षं करत आली होती! शब्द अगदी जिभेवर होता. तुर्सुनायनं त्याच्या केसांत राहिलेली कबरीची माती पाहिली.

"बाबांना माफ केलं," ती म्हणाली. "त्यांच्याकडं माझं काही नाही. पण तुला नाही, मेलिस."

बायका दचकल्या. त्यानं मान वर केली.

"तुला माफ केलं तर तू रडत रडत विमानात बसशील, आणि तिकडं कुठली तरी नदी शोधशील. ओळखत नाही का मी तुला? मी वाढवलंय तुला! माफीबिफी काही नाही. फेडायचं. बँकेची चार वर्षं राहिलीत. जिबेकला शिकायला परत धाडायचंय. आणि मळायचं यंत्र तुझ्या घोड्यात गेलं."

"यंत्र..." तो नुसताच तिच्या सुजलेल्या सांध्यांकडं बघत राहिला. "आणि दादाचं? ते कसं फेडू?"

"ते फिटायचं नाही," ती म्हणाली. "ते राहील तसंच."

बाहेरून जिबेकनं हाक मारली, "आई, नान संपत आले, माणसं अजून येतायत!"

मेलिस उठून तंदुरापाशी गेला, मागोमाग तुर्सुनायही. मॉस्कोचा कोट काढून त्यानं कुठंतरी टाकला, परातीपाशी बसला आणि पिठात हात घातले. पीठ कोपरापर्यंत चिकटलं.

"पाणी फार झालं," तुर्सुनाय म्हणाली. "बोटांनी नको. मनगटानं दाब. हां... तुझा दादा दाबायचा तसं."

आणि ते नाव तोंडून निघालं मात्र, तिचा बांध फुटला. नवरा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हप्त्यासाठी तंदूर पेटवावा लागला होता. त्याच्यासाठी म्हणून रडायला तिला सवडच झाली नव्हती. ती तंदुराकडं तोंड फिरवून, हातांत डोकं धरून मोठ्यानं रडू लागली. मेलिसनं वर पाहिलं नाही. तो मळत राहिला.