गुरुवारी गेलेलं इंजिन

"साहेब, गाडी जागेवर आहे. इंजिन गेलंय."

शुक्रवारी सकाळी ज्योतीराम ओव्हाळ भोसरीच्या पोलीस चौकीत येऊन हे म्हणाला, तेव्हा फौजदार मालोजी शितोळे कस्तुराबाईला निरोप देत होते. दोन वर्षांपूर्वी, सत्याहत्तरच्या संक्रांतीच्या सुमाराला, तिचा नवरा भिवा कंपनीतून सायकलवर घरी येत होता. मोशीच्या अलीकडे एका गाडीनं त्याला उडवलं. गाडी थांबली नाही. ती निळी होती, एवढंच एका भाजीवाल्यानं पाहिलं होतं. बाई अधूनमधून विचारायला यायची.

"काई कळलं का, साहेब?"

"नाही, बाई."

ती पदर सावरून गेली. मालोजी ज्योतीरामकडे वळले.

ज्योतीरामला औद्योगिक वसाहतीत सगळे ओळखत. पिंपरीच्या कामगार चाळीत वाढलेला, इंजिनिअर होऊन इंग्लंडात काही वर्षं नोकरी करून परतलेला. येताना त्यानं एका जुन्या विलायती स्पोर्ट्स गाडीची हुबेहूब नक्कल सुट्या भागांत आणली होती. फायबरची बॉडी, लोखंडी सांगाडा, दिवे, चाकं, सगळं पेट्यांत. मुंबईच्या गोदीत कस्टमनं पेट्या अडवल्या, मग सोडल्या. इंजिन मात्र बाहेरून आणायची परवानगी मिळाली नाही. ते इथलंच जुनं बसवलं होतं.

"आज आरटीओचे निरीक्षक गाडी पास करायला येणार होते," तो म्हणाला. "पास झाली असती तर नंबर मिळाला असता. आता लोक म्हणतील, ओव्हाळांच्या पोरानं खेळणं आणलं."

मालोजी हवालदाराला घेऊन त्याच्याबरोबर निघाले.

गाडी अण्णासाहेब पासलकरांच्या जुन्या गोदामात होती. अण्णासाहेबांची याच वसाहतीत, चिंचवडच्या बाजूला, बिडाचं ओतकाम करणारी फाउंड्री होती. वसाहतीत त्यांच्या शब्दाला मान होता, आणि ज्योतीरामला त्यांनी ही जागा फुकट दिली होती.

गोदामाचं कुलूप शाबूत होतं. आत लाल रंगाची बुटकी गाडी उभी होती. बॉनेट काढून गोणपाटावर अलगद ठेवलेलं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. इंजिनाच्या जागी पोकळी होती आणि वर आढ्याला टांगलेली, जड वजन उचलायची चेनपुली.

मालोजींनी गाडीभोवती फेरी मारली. विलायती दिवे, तारांची चाकं, लाकडी स्टिअरिंग.

"यातलं काय गेलं?"

"काहीच नाही."

"आणि इंजिन नवं होतं?"

"जुनंच. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही. पण चांगलं चालत होतं."

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक अण्णासाहेबांकडे. मारुतराव फिटर माझीच घेऊन जायचे. परवाच भांडून गेले."

रखवालदार खंडू दाराशी उभा होता.

"तू कुठं होतास?"

"रातभर हितंच व्हतो, साहेब. कुणी आलं न्हाई."

"आणि दिवसा?"

"काल गुरुवार व्हता. वसाहतीची लाईट बंद, कंपन्या बंद. गुरुवारी दिवसा मला सुट्टी असती. सांजच्याला आलो, कुलूप बघितलं, बसलो."

म्हणजे काम गुरुवारी दिवसाढवळ्या झालं होतं. सुट्टीच्या दिवशी वसाहतीत चिटपाखरू नसतं.

बाहेर आल्यावर हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, ज्योतीरामनंच काढलं नसेल कशावरून? त्याच्याजवळ किल्ली. गाडी पास होणार नाही हे कळलं असेल, म्हणून चोरीचं नाटक."

मालोजींनाही ते पटण्यासारखं वाटलं.

मारुतराव घरीच सापडले. सरळ आवाजात बोलले.

"भांडलो, खरं आहे. ब्रेक माझ्या मनासारखे नव्हते, तो ऐकेना. 'गाडी पास कशी होते बघतो', असंही बोललो."

"काल कुठं होता?"

"तळेगावला, बहिणीकडे. विचारा."

"निरीक्षक आधी येऊन गेले होते का?"

"सोमवारी. आम्ही तिघं होतो. ज्योतीराम, अण्णासाहेब, मी. त्यांनी दिवे, हॉर्न पाहिले. इंजिनाच्या नंबरावर काळा रंग थापलेला. म्हणाले, 'रंग घासून ठेवा. शुक्रवारी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलछाप घेतो आणि मूळ गाडी कुठली होती ते शोधून काढतो.'"

"इंजिन आलं कुठून?"

"अण्णासाहेबांनी दिलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं म्हणाले."

अण्णासाहेब फाउंड्रीच्या अंगणात जीपला टेकून उभे होते. पांढरं धोतर, कपाळावर बुक्का. मागे माणसं भट्टीत कोळसा रचत होती.

"बिचारा ज्योतीराम," ते म्हणाले. "लवकर विचारा, फौजदार. दुपारी भट्टी पेटवायची आहे."

"काल दुपारी आपण कुठं होता?"

"इथंच. ग्राइंडरवर ओतलेली कास्टिंग घासून साफ करत होतो. गर्दी नसली की मी स्वतःच बसतो."

"किल्ली?"

"ही काय, कमरेला."

"आपली ती जुनी गाडी होती ना? निळी. आता जीपच दिसते."

"ती केव्हाच सोलापूरच्या व्यापाऱ्याला विकली. भिवाच्या अपघाताच्या आधीच. तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतं," मालोजी म्हणाले आणि निघाले.

फाटकाबाहेर जाऊन ते थांबले. ग्राइंडरचा आवाज आतून येत होता. ते बराच वेळ तो ऐकत राहिले. मग हवालदाराला म्हणाले, "ज्योतीरामला बोलावून घे. आणि भट्टी पेटू देऊ नकोस."

भट्टीशेजारी भंगार बिडाचा ढीग होता. चौकीतून आलेल्या शिपायांनी तो उपसला. तळाशी गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन निघालं. घणाचे घाव बसून एका बाजूनं फुटलेलं. दुसऱ्या बाजूला काळा रंग तसाच होता.

ज्योतीराम ते पाहून अण्णासाहेबांकडे बघतच राहिला.

"भंगारच आहे ते," अण्णासाहेब म्हणाले. "कोणीतरी आणून टाकलं असेल."

"बसा, अण्णासाहेब," मालोजी म्हणाले. "मी सांगतो. चुकलं तर थांबवा."

अण्णासाहेब बसले नाहीत.

"चोराला पैसा हवा असता तर त्यानं विलायती दिवे नेले असते. मत्सरानं जळणाऱ्याला गाडी बिघडवायची असती तर त्यानं फायबरवर दोन दगड घातले असते. इथं गाडीला ओरखडा नाही. परदेशी सगळं शाबूत, गेलं ते फक्त देशी इंजिन. म्हणजे कुणालातरी ते नको होतं. का? इतके महिने ते सगळ्यांसमोर होतं. सोमवारनंतर एकच गोष्ट नवी घडणार होती. त्याचा नंबर वाचला जाणार होता."

"नंबरची भीती ज्योतीरामलाही असेल," अण्णासाहेब म्हणाले.

"मलाही तसं वाटलं. पण इंजिन कुठलं हे त्याला माहीतच नव्हतं. ते माहीत असलेला एकच माणूस. आणि तो माणूस सांगतो, गुरुवारी दुपारी मी ग्राइंडरवर बसलो होतो. गुरुवारी वसाहतीला वीज नसते, अण्णासाहेब. आपला ग्राइंडर विजेवर चालतो. भट्टीचा पंखाही. म्हणून तर इंजिन कालच वितळलं नाही. जीप आत घेतली, चेनपुलीनं ते तिच्यात उतरवलं, इथं आणून फोडलं आणि वीज येण्याची वाट पाहिली."

हवालदारानं रॉकेलचा बोळा फिरवला. काळा रंग सुटला, खाली आकडे दिसू लागले.

"हा नंबर कुठल्या गाडीचा, हे आरटीओ आज ना उद्या सांगेल. निळी गाडी सोलापूरला गेली असती तर तिचं इंजिन ज्योतीरामच्या गाडीत आलं नसतं. ती गेलीच नाही. अपघातानंतर आपण ती इथंच मोडली. पत्रा, दारं, सगळं भट्टीत गेलं. इंजिन तेवढं ठेवलंत."

अण्णासाहेब आता जीपच्या पायरीवर बसले.

"पुढून ट्रक आला," ते म्हणाले. "मी बाजूला घेतली. माणूस दिसलाच नाही."

"आणि थांबला नाहीत."



ज्योतीराम पुढे झाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "मला का दिलंत ते? मी तुम्हाला वडिलांच्या जागी मानत होतो."

"चालू इंजिन होतं रे. वितळवायला हात धजेना. तुझ्या गाडीत बसवलं, पहिल्यांदा चालू केलं, तू हसलास. मला वाटलं, आता ते दुसऱ्याचं झालं. माझ्यामागची पीडा गेली."

ज्योतीराम वळला आणि फाटकाबाहेर निघून गेला. अण्णासाहेबांनी त्याला हाक मारली. तो थांबला नाही.

संध्याकाळी मालोजी पिंपळे गुरवला गेले. कस्तुराबाईनं दारातच सगळं ऐकून घेतलं. अण्णासाहेबांचं नाव ऐकून ती म्हणाली, "तेराव्याला आलं व्हतं ते. धान्य दिलं व्हतं."

मालोजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, खरं सांगा. त्यानं गाडी थांबवून ह्यास्नी दवाखान्यात न्हेलं असतं, तर वाचलं असतं का?"

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं, ते मालोजींना शब्दन् शब्द आठवत होतं. खोटंच 'नाही' म्हणणं सोपं होतं.

"हो, बाई," ते म्हणाले. "वाचले असते."

तिनं मान हलवली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "कोर्टात मला बोलू देतील ना?"